पाटात उतरलेला बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. बाकाच्या नशिबी काय काय येते हे ऐकायची तयारी असेल तरच पुढे वाचा. खुर्चीवर एकच माणूस बसतो. पलंगावरचा माणूस झोपतो, म्हणजे निदान गप्प तरी असतो. बाकावर पाच-सहा जण बसतात आणि सगळे एकदम बोलतात. आयुष्यातली बहुतेक वर्षे मी ते बोलणे खालून ऐकले आहे. त्यामुळे माझा स्वभाव चिडका झाला आहे, तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म पूर्वेच्या समुद्रातल्या बेटावर, आचे मुलखातल्या ब्लांग सियाला या गावी, जैलानीकाकाच्या, आमच्या भाषेत आपा जैलानीच्या, कॉफीच्या दुकानासमोर झाला. त्याआधी कित्येक वर्षे आमच्या डोंगरात बंदुका होत्या. ऊन कलले की लोक दारे लावून घेत. दुकानाबाहेर कुणी रेंगाळत नसे, कारण रेंगाळणाऱ्याला बंडखोर आणि सैनिक, दोन्ही बाजूंचे लोक पकडून प्रश्न विचारत. मग तह झाला. पहिल्याच संध्याकाळी आपा जैलानीने दुकानाचा दिवा बाहेर छपराला टांगला आणि गावातले पुरुष एकेक करून भीत भीत आले. आले आणि नुसते उभे राहिले. बसायला बाहेर काही नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी गावचा सुतार साबी कामाला लागला. आमच्याकडे सुताराला उतोह म्हणतात, म्हणून तो उतोह साबी. त्याने सेमांतोकचे लाकूड आणले. हे लाकूड असे कठीण, की खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडावे लागते. मला चार जाड पाय दिले, वर दोन लांब फळ्या दिल्या आणि पाठ मात्र दिली नाही.

"उतोह, टेकायला काहीतरी लाव की!" कुणीतरी म्हणाले.

"टेकायचं असेल तर घरी जा," उतोह साबी म्हणाला. "हा बसून कॉफी प्यायला आहे, लोळायला नाही."

त्या संध्याकाळी माझ्यावर पहिला बसला तो एक म्हातारा. त्याचा मुलगा डोंगरात गेला होता तो परत आला नव्हता. म्हाताऱ्याने ग्लास हातात धरला, अंधारात डोंगराकडे पाहिले आणि दुसऱ्या हाताने माझी फळी कितीतरी वेळ चोळत राहिला. "बाहेर बसून कॉफी पितोय रे मी," एवढेच तो म्हणाला. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, जगात बाकाइतके भाग्यवान कुणी नाही.

सुरुवातीची वर्षे खरोखर चांगली गेली. लोकांकडे बोलण्यासारखे खूप होते आणि ते बोलायलाच हवे होते. कोण गेले, कोण परतले, कुणाची म्हैस कुणाकडे आहे, प्रार्थनाघराचे छप्पर कधी घालायचे. ते छप्पर माझ्यावर बसून ठरले आणि खरोखर घातलेही गेले. मला वाटले, हीच गावाची रीत. बसायचे, ठरवायचे, उठायचे.

पण हळूहळू त्यातले उठायचे तेवढे गळून गेले.

सकाळची नमाज झाली की मंडळी येत. एक ग्लास कॉफी, केळीच्या पानातला चिकट भात, आणि मग गावाच्या भवितव्याची चर्चा. सुगंधी तेलासाठी पाचेची झुडपे लावायची की कोको? बदके पाळायची की सुपारी वाळवून शहरात न्यायची? पाचेची झुडपे लावली, त्यांना कीड लागली. कोको लावला, शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. बदकांबद्दल इतके बोलणे झाले की तेवढ्या वेळात अंड्यातून पिल्ले निघून त्यांनाही अंडी झाली असती. बदक मात्र एकही आले नाही. ऊन चढे, सावली सरके, मंडळी सावलीबरोबर माझ्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत. खाचरात बायका वाकून तण काढत असत. त्या दिसत होत्या. सगळ्यांना दिसत होत्या.

आपा जैलानीही कंटाळला होता. "एका ग्लासावर दुपार काढतात लेकाचे," तो कॉफीची लांब गाळणी झटकत पुटपुटे. "माझं दुकान आहे का धर्मशाळा?" पण पुटपुटून झाले की पुन्हा आधण ठेवी. तोही त्यांच्यातलाच.

या मंडळींत सर्वांत गोड बोलणारा म्हणजे मुंतासिर. वय पस्तिशीचे, हसतमुख, योजना सांगायला लागला की ऐकणाऱ्याला आपले खाचर हिरवेगार दिसायला लागावे. लोक म्हणत, हा आळशी आहे. मी सांगतो, तो आळशी नव्हता. मला ठाऊक आहे, कारण त्याची एक गोष्ट मी त्याच्याच तोंडून ऐकली आहे.

गावाला पाणी येते ते डोंगरातल्या ओढ्यावरून, पाटाने. दोन पावसाळ्यांमागे कडा ढासळला आणि पाटाचा वरचा भाग फुटला. पाणी पाटात यायचे सोडून घळीत पडायला लागले. खाचरे कोरडी पडली. तेव्हा मुंतासिर कुणाला काही न सांगता एकटा वर गेला. रोज जायचा. दगड रचायचा, माती भरायचा. पाणी थोडे वळलेसुद्धा. मग एक मोठी सर आली आणि सगळे वाहून गेले. त्या संध्याकाळी तो येऊन माझ्यावर बसला तेव्हा त्याच्या तळहाताचे फोड फुटले होते आणि त्याला ग्लास धरता येत नव्हता.

"डोंगर हलवायला गेला होता हा, एकटा!" कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही, नेहमीसारखेच. मुंतासिरही हसला. पण त्यानंतर कुणी पाटाचा विषय काढला की सर्वांत आधी तोच म्हणायला लागला, "हे माणसाचं काम नाही. याला पोकलेनच पाहिजे."

आणि मग सुरू झाला पोकलेनचा जप. आमचा केचिक, म्हणजे गावप्रमुख, तारमिझी याने वर सरकारकडे मागणी केली. रोज सकाळी कुणीतरी विचारी, "केचिक, पोकलेन कधी?" आणि तो ग्लासात साखर ढवळत सांगे, "येतंय. रांगेत आहे." एक लावणी गेली. खाचरात गवत उगवले. पोकलेन रांगेत होते. मित्रांनो, पाटाकडे जाणारी वाट म्हणजे एक पायवाट आहे आणि तिच्यावर दोन ठिकाणी माडाची खोडे टाकून पूल केले आहेत. त्यावरून बकरीसुद्धा विचार करून जाते. हे माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. केचिकला माहीत होते. मलासुद्धा माहीत होते, आणि मी तर लाकूड आहे! ओरडता आले असते तर मी गावाच्या छपरांवरचे पत्रे हलवले असते.

मग दुसरी लावणी जवळ आली आणि एका सकाळी मुंतासिर म्हणाला, "मी मलेशियाला जातोय. थोरल्या भावाने बोलावलंय. या वेळी पाणी आलं नाही तर ईदनंतर निघणार."

कुणी "जाऊ नकोस" म्हणाले नाही. उलट तिकडे काम कसे मिळते, तेलताडाच्या मळ्यात बरे की इमारतीवर बरे, यावर दुपारपर्यंत बोलणे चालले. मला वाटले, माझे पाय मोडावेत आणि सगळे एकदम खाली पडावेत.

दुसऱ्या दिवशी मुंतासिरची बायको रुहामा दुकानापाशी आली. आमच्याकडे बायका दुकानाबाहेर येऊन उभ्या राहत नाहीत. ती राहिली. डोक्यावरची ओढणी घट्ट केलेली, पायांना चिखल.

"केचिक," ती म्हणाली, "एक विचारू? ते यंत्र त्या खोडांवरून कसं येणार? पंख लावून?"

केचिक तारमिझी खाकरला. "रुहामा, हे सरकारी काम आहे. त्याला वेळ लागतो."

"भाताचा तरवा लावणीला तयार झालाय. तो नाही थांबत सरकारसाठी. पिवळा पडतो."

"घरी बोलू," मुंतासिर हळूच म्हणाला.

"घरी तुम्ही असता कुठं? तुमचं घर हे आहे." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले. माझ्याकडे! जणू मीच त्यांना धरून ठेवले होते. "थोरले भाऊजी पण असेच दोन वर्षांसाठी गेले. आता फक्त ईदला फोनवर त्यांचा आवाज येतो. माझ्या पोरींना बाप फोनमधून नकोय."

ती गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर एक जण म्हणाला, "जीभ धारदार आहे हां!" आणि सगळे हसले. मुंतासिर या वेळी हसला नाही. पण उठलाही नाही.

पुढच्या सकाळी मंडळी अजून प्रार्थनाघरातच होती, तेव्हा रुहामा आली. बरोबर चौघी होत्या आणि त्यांत केचिकची बायको मरदिया होती, चांगली धिप्पाड. दोघींनी मला पुढून धरले, दोघींनी मागून.

"काय जड आहे मेला!" मरदिया म्हणाली.

"इतक्या वर्षांचं बोलणं मुरलंय त्यात," रुहामा म्हणाली. "उचला."

आपा जैलानी आतून बाहेर आला, गाळणी हातात घेऊन. त्याने मला हवेत पाहिले, बायकांकडे पाहिले.

"कुठं नेताय?"

"पाटावर. त्यांना बसायचंच आहे ना? तिथं बसू देत. पाणी कुठं जातंय ते बघत बसू देत."

मला वाटले, हा आता आरडाओरडा करणार. आपा जैलानीने क्षणभर दाढी खाजवली. मग तो आत गेला आणि चूल विझवून, किटली आणि कॉफीचा डबा घेऊन बाहेर आला. त्याने दुकानाच्या फळ्या लावल्या. "मग कॉफी पण तिथंच," तो म्हणाला. "नाहीतर कोण येतंय वर?"

मी जन्मात पहिल्यांदा गाव सोडून निघालो होतो. खाचरांच्या बांधावरून गेलो. भेगाळलेली जमीन मी ऐकून ओळखत होतो, पाहिली त्या दिवशी. माडाच्या खोडांवरून जाताना मरदियाचा पाय घसरला, माझे एक टोक ओढ्यात बुडता बुडता राहिले, आणि चौघी भीतीने ओरडून मग इतक्या हसल्या की मला तिथेच खाली ठेवावे लागले.

फुटलेल्या पाटापाशी त्यांनी मला काठावर मांडले. पाणी समोरून येत होते, चांगले घोट्याएवढे, आणि फुटीतून सरळ घळीत उडी घेत होते. दोन लावण्यांचे पाणी. मी पाहत राहिलो.

थोड्या वेळाने मंडळी आली. आधी रागात होती, पण आपा जैलानीच्या किटलीला वाफ आलेली पाहून राग जरा निवला. आणि आता ऐका, मित्रांनो, कारण हे सांगताना अजूनही माझ्या लाकडाला चिरा पडतात. ते आले आणि बसले! बायका घळीतून दगड काढून वर देत होत्या, केचिकची बायको गुडघाभर चिखलात होती, आणि ही मंडळी माझ्यावर रांगेत बसून सांगत होती, "तो दगड तिथं नको. तो आडवा घाला. असा नाही, तसा."

"हे टिकायचं नाही," मुंतासिर म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "मी करून बघितलंय. दगडाच्या मागं काही भक्कम पाहिजे, अडवायला. नाहीतर पहिल्या सरीला जातं."

"कॉफी द्या हो आपा," केचिक म्हणाला.

"पाणी वळल्यावर," आपा जैलानी म्हणाला आणि किटली पाठीमागे घेऊन बसला. असा तो पूर्वी कधी वागला असता तर गाव केव्हाच सुधारले असते.

तेवढ्यात काठी टेकत उतोह साबी वर आला. आता तो खूप थकला होता, हात कापत होते. त्याने फूट पाहिली, दगड पाहिले, मुंतासिरचे बोलणे त्याने ऐकले असावे. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. ज्याने मला घडवले त्याची नजर मी ओळखतो. मी मनात म्हटले, आता काहीतरी होणार.

"उठा," तो म्हणाला.

"काय झालं उतोह?"

"उठा म्हणतो ना."

ते उठेनात. त्यांना वाटले, म्हाताऱ्याला बसायचे आहे, म्हणून ते सरकून जागा करायला लागले. तेव्हा उतोह साबीने काठी टाकली, माझ्या कडेखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. रुहामा आणि मरदिया धावल्या. तिघांनी मिळून मला उलटे केले, आणि माझ्यावरची अख्खी रांग चिखलात पडली. केचिक बसल्या स्थितीतच खाली आपटला. मुंतासिर तोंडावर पडला.

मग मरदिया हसली, मग आपा जैलानी, मग सगळेच. मुंतासिर उठला तेव्हा त्याचा चेहरा चिखलाने भरला होता आणि कान लाल झाले होते. मला ते हसणे ऐकवेना. हेच हसणे त्याने पूर्वी एकदा ऐकले होते, फुटलेल्या फोडांनिशी.

रुहामा मात्र हसत नव्हती. तिने फावडे उचलले आणि त्याच्यापुढे धरले.

"मागच्या वेळी एकटे होतात," ती म्हणाली. "मला पण सांगितलं नव्हतंत. आता आम्ही आहोत की."

मग त्याने बाहीने तोंड पुसले, फावडे घेतले आणि खाली उतरला. त्याच्यामागे एक जण उतरला. मग दुसरा. केचिक कपडे झटकत इकडेतिकडे बसायला जागा शोधत होता. जागा नव्हती. शेवटी तोही उतरला.

मला त्यांनी कुशीवर आडवे घातले, फुटीच्या तोंडात. माझे पाय दगडांमध्ये रोवले. माझ्या फळ्यांना टेकून वाळूची पोती रचली, बांबू ठोकले, माती भरली. पाण्याचा पहिला लोट माझ्या अंगावर आला तेव्हा मी घाबरलो. बाक पाण्यासाठी नसतो. पण सेमांतोक हलला नाही. पाणी थबकले, चढले, आणि मग वळून पाटात शिरले. ऊन उतरत होते. चिखलातल्या चिखलात मंडळींनी उभ्यानेच कॉफी घेतली. आपा जैलानीने सर्वांना दुसरा ग्लास दिला, मागितला नसतानाही.

पुढे सगळे गोड झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. वरच्या खाचरांना वेळेवर पाणी मिळाले. मुंतासिरचे खाचर सर्वांत खाली. तिथे पाणी पोचेपर्यंत अर्धा तरवा पिवळा पडला होता. जेवढा वाचला तेवढा दोघांनी लावला. भात आले, पण बेताचेच. मुंतासिर त्या ईदनंतर गेला नाही. पुढच्या वर्षी जाईल की नाही, मला माहीत नाही. थोरल्या भावाचा फोन अजून येतो.

आणि हो, पोकलेन आले! भात कापून झाल्यावर आले. गावाच्या रस्त्याने येऊन, पहिल्या खोडांच्या पुलापाशी थांबले, चालकाने खाली उतरून पूल पाहिला, डोके खाजवले आणि यंत्र परत फिरवले. केचिकने त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतला. तो फोटो आता दुकानात लावला आहे म्हणे. दुकानात माझ्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत, त्यांना पाठही आहे. बदकांचा विषय पुन्हा निघाला आहे, असेही कानावर येते. काय बोलणार!

पण काही सकाळी मुंतासिर वर येतो. कधी रुहामा बरोबर असते, कधी पोरी. माझ्या अंगाला अडकलेला पालापाचोळा तो काढतो, गाळ उपसतो, पोते सरकले असेल तर नीट करतो. परवा त्याने माझ्या वरच्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही चिरतेय. पावसाआधी बदलली पाहिजे." मी त्याचे तळहात पाहिले. फोड नव्हते, घट्टे पडले होते. संध्याकाळी तो फणसाची फळी खांद्यावर घेऊन आलासुद्धा, आणि मागून केचिक खिळ्यांची पिशवी घेऊन, धापा टाकत, कुरकुरत.

मित्रांनो, आता मला कुणी बाक म्हणणार नाही. शेवाळ आले आहे, एक पाय दगडात कायमचा अडकला आहे. मला रंग नको, पॉलिश नको, कुठे नेऊन जुनी वस्तू म्हणून मांडून ठेवू नका. तुमच्या गावात पाट असेल, विहीर असेल, फुटका बांध असेल, तर त्यातला गाळ वेळच्या वेळी काढा. एकट्यावर सोडू नका. आणि कुणी एकटाच करायला गेला आणि हरून परत आला, तर त्याला हसू नका. त्याला कॉफी द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर जा.

एवढा वेळ बसून ऐकलेत, बरे वाटले. आता उठा.